कुजबुजरावाची चूक

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट हॉल आहे. पहिल्या मजल्यावरचा. खाली रंगाचं दुकान, त्यामुळे टर्पेंटाइनचा वास आपल्याआधी जिना चढून वर पोचलेला. डावीकडे तीन खिडक्या, त्यातली मधली उघडत नाही. छताला दोन पंखे, त्यातला एक दर फेरीला ‘टक्’ करतो. उजवीकडच्या भिंतीत एक दार, आणि दारामागे दहा बाय आठची खोली. त्या खोलीतून एक माणूस बाहेर येतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो, खुर्चीवर टेकतो, उठतो, पुन्हा खिडकीकडे जातो. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा घासतोय, कुणाला न दिसणारं पान उलटावं तसा.

हा आमचा कुजबुजराव. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते पगारपत्रकापुरतंच. एकतीस वर्षं तो आमच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होता. विंगेत तीन पायांच्या स्टुलावर बसायचा, मांडीवर संहिता, आणि नट अडला की त्याच्या कानापर्यंतच पोचेल एवढ्या आवाजात पुढचा शब्द. प्रेक्षकांनी त्याचा आवाज कधी ऐकला नाही. ऐकला असता तर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली असती.

मी त्याच मंडळीत राण्या आणि खाष्ट सासवा करायची. तो मला ‘बाई’ म्हणतो, मी त्याला अरे-तुरे करते. पाच वर्षांनी धाकटा आहे माझ्यापेक्षा, म्हणजे आता एकाहत्तर.

त्याची करामत सांगते. एका नाटकात मुलगा मेल्याची बातमी ऐकून राणी गप्प होते, असा प्रसंग होता. ती गप्प बसण्याची जागा मी ताणायची. आधीच्या प्रॉम्प्टरला ती ताणलेली शांतता कळायचीच नाही. बाई अडली असं वाटून तो दर खेपेला घाईघाईने शब्द टाकायचा आणि पहिल्या तीन रांगा खुसखुसायच्या. कुजबुजराव आला त्या पहिल्याच प्रयोगाला मी मुद्दाम आणखी ताणलं. अकरापर्यंत आकडे मोजले मनात. तिरक्या नजरेने विंगेत पाहिलं तर पठ्ठ्या ओळीखाली बोट ठेवून बसलेला, ओठ मिटलेले. आणि पुढच्याच अंकात ‘दार लावून घे’ एवढं साधं वाक्य मी खरोखरच विसरले, तर मी विसरलेय हे मला कळायच्या आत शब्द कानात हजर!

“तुला कळतं कसं रे, थांबलेय की विसरलेय?” मी विचारलं.

“सोपं आहे, बाई. विसरलेल्याचे डोळे वर जातात. थांबलेल्याचे समोरच्यावर असतात.”

एकतीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

पण मी त्याच्याबद्दल लिहायला बसले ते यासाठी नाही. सगळ्यांची वाक्यं ओठांवर खेळवता खेळवता त्या माणसाला एक खोड लागली होती. कुणाचंही भांडण असो, तो दोघांना समोरासमोर बसवून उलटी भूमिका द्यायचा. आमचा नायक आणि मी चार महिने बोलत नव्हतो. का, तर हा गृहस्थ माझ्या प्रत्येक मोठ्या वाक्याला माझ्या अंगावरच्या प्रकाशात येऊन उभा राहायचा. मी म्हणत होते, जळतो मेला. कुजबुजरावाने आम्हाला मेकअपच्या खोलीत कोंडलं आणि मला म्हणाला, “आता तुम्ही नायक. सांगा, का उभे राहता तिथे? त्याला पटलं पाहिजे हं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.” मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तो माणूस नुसती मान हलवत राहिला. शेवटी वैतागून विचारलं, “मग का येतोस रे बाबा तिथे?” तर खाली बघून म्हणाला, “डावा कान गेलाय. तिथून तुझं वाक्य ऐकू येतं.” आता मला काय ठाऊक! दुसऱ्या दिवसापासून मीच दोन पावलं पुढे सरकून बोलायला लागले.

मंडळी बंद पडून बारा वर्षं झाली. तालमीचा तो हॉल एका संस्थेच्या मालकीचा. संस्थेने किल्ली कुजबुजरावाकडे राहू दिली, झाडलोट कर आणि मागच्या खोलीत राहा म्हणून. तिथे तो मंडळी चालू होती तेव्हापासून, सव्वीस वर्षं राहतोय. लग्न केलं नाही. आम्ही उरलेले सात-आठ म्हातारे आठवड्यातून दोनदा जमतो, जुनी नाटकं वाचतो, चहा पितो, एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करतो.

आणि मग पाळणाघरवाली आली.

पलीकडच्या गल्लीत तिचं पाळणाघर होतं. ती इमारत पाडायची ठरली. एकोणतीस मुलं, आया सगळ्या शिलाई कारखान्यात नाहीतर इस्पितळात पाळीवर. तिने आमच्या हॉलसाठी अर्ज केला. संस्थेने दोन्ही बाजू ऐकायचं ठरवलं.

पहिल्या बैठकीत आम्ही आमची अब्रू घालवून घेतली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावून आपणच बोलायचं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा सराव. नायकाने छाती पुढे काढून कलेवर भाषण ठोकलं. मग मी उठले. आवाज कापरा केला, पदर सावरला, “या भिंतींनी आमचे अश्रू पाहिले आहेत” इथपर्यंत पोचले. डॉक्टर म्हणाले, “वा! पण बाई, मुद्दा काय?” पाळणाघरवालीने उभं राहून एवढंच सांगितलं, “एकोणतीस मुलं आहेत. महिनाअखेर जागा सोडायची आहे.” आणि बसली.

जिना उतरताना नायक म्हणाला, “पडलो!”

“सपशेल,” कुजबुजराव म्हणाला. “तुम्हाला दोघांना आपापली वाक्यं चोख पाठ होती. समोरची काय बोलणार, हे कुणी वाचलं होतं?”

मग आम्ही सगळ्यांनी त्यालाच पुढे ढकललं. “मला पुढून बोलायची सवय नाही,” तो म्हणत राहिला. आम्ही ऐकलं नाही. तसंही, सगळ्यात जास्त त्याचंच जाणार होतं. आमचा हॉल गेला तर आम्ही कुणाच्या तरी घरी बसून वाचू. त्याचं घरच मागच्या खोलीत होतं. हॉलबरोबर तीही गेली तर भाची होती दूरच्या वस्तीत, पण भाचीकडे जागा म्हणजे बाहेरच्या खोलीतला सोफा.

दुसऱ्या दिवशी तो पाळणाघरात जाऊन बसला.

“शत्रूच्या गोटात?” नायक ओरडला.

“तिची बाजू वाचल्याशिवाय मी उत्तर कशाला देऊ?”

चार दिवस गेला. पहिल्या दिवशी दारातूनच परत आला, कारण तिने विचारलं, “तुम्ही त्यांच्यातले ना? हेरगिरी करायला आलात?” दुसऱ्या दिवशी तिने त्याला बारक्या मोज्यांची रास दिली, जोड्या लावायला. तिसऱ्या दिवशी त्याने पाहिलं, एका मुलीला ताप भरला होता आणि वेगळं ठेवायला जागा नव्हती म्हणून तिची गादी टेबलाखाली सरकवली होती. टेबलावर बाकीची मुलं ठोकळे आपटत होती.

“एक छोटी खोली असती ना, काका,” पाळणाघरवाली म्हणाली, “तर बाकी मी कशीही सांभाळली असती.”

खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही. म्हणाला, “हॉलच्या मागे आहे एक. दहा बाय आठ. मी राहतो तिथे.”

ती मुलीच्या कपाळावरच्या ओल्या फडक्याची घडी बदलत राहिली.

कुजबुजराव हॉलवर परतला तो बसेचना. दोन कागद केले होते, एकावर आमची बाजू, एकावर तिची. खिडकी ते दार, दार ते खिडकी. मी समोर बसून ऐकायची. तिची बाजू तो अशी मांडायचा की मला वाटायचं, उठावं आणि आत्ताच किल्ली नेऊन द्यावी.

“अरे, तू आमच्याकडून आहेस ना?”

“तेच बघतोय, बाई. तिचं इतकं चांगलं मांडूनही आपलं काही उरतं का, ते बघतोय. उरलं तर तेवढंच बोलायचं.”

“आणि खोलीचं?”

अंगठा जोरात घासला गेला. “तो तिचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे. चौथा.”

“तुझ्या तोंडाने सांगतोस?”

“तिच्या कागदावर आहे. माझ्या नाही.”

त्या आठवड्यात त्याने चहा तीनदा उतू घालवला. दाढी करताना हनुवटी कापून घेतली. मी विचारलं, झोपतोस का नीट, तर म्हणाला, “आडवा होतो.” मलाही स्वस्थता नव्हती. घरी बसल्या बसल्या माझे पाय हलायचे, सून म्हणायची, “आई, टेबल थरथरतंय.”

दुसरी बैठक. दुपारची वेळ, खिडक्या उघड्या, तरी घामाच्या धारा. पाळणाघरवालीला आधी बोलायचं होतं. या वेळी तिने तयारी केली होती. आयांच्या पाळीच्या वेळा सांगितल्या. मुलांना दोन गल्ल्यांपलीकडे चालत नेता येत नाही ते सांगितलं. म्हाताऱ्यांची वाचनं बंद पडावीत अशी आपली इच्छा नाही, संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी हॉल रिकामाच असेल, हेही सांगितलं. तिसरा मुद्दा तो. हे ऐकून मी नायकाकडे पाहिलं. आम्ही हे विचारलंच नव्हतं.

आणि ती थांबली.

हातातला कागद खाली गेला. डोळे वर गेले, छताकडे, त्या टक् करणाऱ्या पंख्याकडे. टक्. टक्. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. टक्. माझ्या शेजारी कुजबुजराव. त्याचा अंगठा थांबला. मला ते दिसलं, मी हात धरायला हवा होता, पण एकतीस वर्षं ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला त्याचा हात मी का धरू?

“आजारी मुलासाठी वेगळी खोली,” तो पुटपुटला. “मागची खोली.”

त्या आवाजाची ख्यातीच अशी की ज्याला हवा त्याच्याच कानात पडतो. पण त्या दिवशी हॉलमध्ये पंख्याशिवाय काही हलत नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं.

पाळणाघरवाली गर्रकन वळली. चेहरा लाल.

“काका! मला आठवत होतं!”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती विसरली नव्हती. तो मुद्दा तिने गिळला होता. आणि गिळताना त्याच्याकडे बघवेना, म्हणून नजर पंख्याकडे नेली होती. आयुष्यभराचा त्याचा नियम, वर गेलेले डोळे म्हणजे विसरलेला माणूस, त्या क्षणी त्याच्या हातात मोडला.

“काय ते मागच्या खोलीचं?” डॉक्टर पुढे वाकले.

“काही नाही,” ती म्हणाली. “ते यांचं वाक्य आहे. माझं नाही.”

“वाक्य कुणाचंही असो, मुद्दा बरोबर आहे ना?”

नायकाने कपाळावर हात मारला. “गेली खोली!”

मग कुजबुजराव उभा राहिला. हळू आवाजात बोलला, त्यामुळे संस्थेची पाचही माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. म्हणाला, “यांचे तीन मुद्दे मला मान्य आहेत. आमचं म्हणणं एवढंच उरतं, की आठ म्हाताऱ्यांना आठवड्यातून दोनदा एकमेकांचे आवाज ऐकायचे असतात. त्यावर यांनी सातनंतरची वेळ दिलेली आहे. म्हणजे आमचं भांडणच उरत नाही.” आणि बसला. कापरा आवाज नाही, भिंती नाहीत, अश्रू नाहीत. हॉलचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. दिवसा पाळणाघर, सातनंतर आणि रविवारी आम्ही.

“आणि मागची खोली?” डॉक्टरांनी विचारलं. आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागलो. “बरं. शुक्रवारपर्यंत तुम्ही दोघं बसून ठरवा. आणि एकाच्याच तोंडून सांगा, मला दोन-दोन तोंडं नकोत. दवाखान्यात पुष्कळ बघतो.”

शुक्रवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. पाळणाघरवाली रोज दुपारी मुलं झोपली की मदतनीस बाईवर सोपवून जिना चढून यायची. आणि दोघांचं जुंपायचं. गंमत बघा, आता प्रत्येक जण दुसऱ्याच्या बाजूने भांडत होता!

“तुम्ही इथेच राहायचं, काका. सव्वीस वर्षं झाली.”

“सव्वीस वर्षं हा काही मुद्दा नाही. त्या पोरीची गादी टेबलाखाली होती, तो मुद्दा आहे.”

“ताप काय रोज येतो का कुणाला?”

“एकोणतीस मुलं म्हणजे रोजच येतो. तूच सांगितलंस मला.”

“मी सांगितलेलं मलाच ऐकवू नका!”

“मग कुणाला ऐकवू? भाचीकडे सोफा आहे. चांगला आहे सोफा.”

“चांगला आहे तर बसा ना त्यावर एक दिवस. बसलात कधी?”

तो उठून खिडकीकडे गेला. मधल्या, न उघडणाऱ्या खिडकीची कडी उगाच खालीवर करत राहिला.

“बाई, तुम्ही सांगा यांना काहीतरी,” ती माझ्याकडे वळली. “हे माझी बाजू माझ्यापेक्षा बरी मांडतात. मी यांची मांडायला बघते तर मला सापडतच नाही. राहायचंय का जायचंय, तेही कळत नाही. यांना नेमकं काय हवंय?”

मी काय सांगणार? चाळीसहून जास्त वर्षं ओळखते त्याला. माझी सगळी वाक्यं त्याला पाठ. नायकाचीही, खलनायकाचीही, दुसऱ्या अंकात दोन शब्द बोलून जाणाऱ्या पहारेकऱ्याचीही. पण त्याला काय हवं असतं, हे आम्ही कधी विचारलं? आम्ही अडलो की तो होता. तो अडला असेल तेव्हा कोण होतं? घरी जाऊन मी जेवलेच नाही धड.

शुक्रवार. तिसरी बैठक. टर्पेंटाइनचा वास नेहमीपेक्षा जास्त, खाली कुणीतरी डबा सांडला होता. आम्ही सगळे आलो होतो. नायक डाव्या बाजूला बसला, चांगला कान पुढे करून. पाळणाघरवाली म्हणाली, “मी बोलणार. तुम्ही मागे बसा, काका. तुमच्या जागेवर.” तो मागे जाऊन बसला. पाय हलत होते, अंगठा चालूच.

ती बोलली. हॉलची देखरेख कोण करतं, किल्ली कुणाकडे, भाचीच्या घरात माणसं किती. सगळं मुद्देसूद. आजारी मुलाला खोलीची गरज आहे हेही आपणहून सांगितलं, लपवलं नाही. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी मान तिरकी केली.

“हे सगळं ठीक. पण भाची न्यायला तयार आहे म्हणता. मग त्यांना इथेच का राहायचंय? त्यांचं स्वतःचं काय म्हणणं आहे?”

पाळणाघरवालीने तोंड उघडलं. आणि ती मागे वळली. या वेळी डोळे वर गेले नाहीत, सरळ त्याच्यावर होते. त्याच्या नियमाने पाहिलं तर ती थांबली होती. पण तिच्याकडे वाक्यच नव्हतं, कुणी दिलंच नव्हतं तिला. मी आकडे मोजायला लागले, जुनी सवय. पाच. सहा. पंखा टक् टक् करत होता. आठ. नऊ. शब्द द्यावा की गप्प राहावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. अंगठा थांबला होता.

निकाल मी आधीच सांगून टाकते, कारण शेवटचं वाक्य मला त्याचं ठेवायचंय. संस्थेने खोली त्याच्याकडेच ठेवली. आमच्या जुन्या नाटकाचा निळा पडदा मध्ये लावून खोलीचे दोन भाग केले. एका बाजूला त्याची खाट, दुसऱ्या बाजूला तापाच्या मुलाची गादी. मुलाला बरं नसलं की आई पाळीवरून येईपर्यंत तोच शेजारी बसतो. पहिल्या दिवसापासून वाकून वाकून त्याची कंबर धरलीये आणि स्वभावातली चुळबूळ काही गेली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या वेळी माझे अकरा आकडे मोजून झाले आणि मागून आवाज आला. तोच, कानापर्यंतच पोचणारा. पण सगळ्यांना ऐकू आला.

“सांग... दाराच्या पलीकडे कुणीतरी बोलत असलं की मला बरं वाटतं. भाचीकडे दिवसभर घरात कुणी नसतं. पोरं रडली तरी चालतील, म्हणावं.”